हायव्याची, डालड्याची आणि टेम्पोची गोष्ट

मराठी दैनिकांच्या जिल्हा पानावर एका ठरावीक धाटणीची बातमी नेहमी दिसते. भरधाव आयशर टेम्पोने रस्त्याकडेला उभ्या असलेल्या हायव्याला मागून धडक दिली, चालक केबिनमध्ये अडकला, जेसीबी बोलावून वाहनं बाजूला केल्यावर वाहतूक सुरू झाली. वार्ताहराला यात कुणाचीही जाहिरात करायची नसते. वाचकाला चटकन कळावं, एवढंच त्याला हवं असतं. पण या एका वाक्यात चार कंपन्या आहेत. आयशर आणि टेम्पो या मूळच्या जर्मन, हायवा डच, जेसीबी इंग्लिश. जालन्यातल्या किंवा सावंतवाडीतल्या वाचकाला यातल्या एकाही शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही.

नव्या वस्तूंसाठी शब्द घडवण्याचं काम महाराष्ट्रात मोठ्या निष्ठेने झालं आहे. सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत दिलेले किती तरी शब्द आज सहज बोलले जातात. महाराष्ट्र राज्य स्थापन झालं त्याच वर्षी, १९६० साली, भाषा संचालनालय उभं राहिलं आणि त्याने कोशामागून कोश काढले. दुचाकी, चारचाकी, मालवाहू, अवजड वाहन हे शब्द कागदोपत्री पक्के झाले. त्याच काळात मंडईच्या दारात, लाकडाच्या वखारीत, वाळूच्या ठेक्यावर आणि विहिरीच्या कामावर दुसरा एक कोश तयार होत होता. त्याचे संपादक हमाल, चालक, क्लीनर आणि गॅरेजवाले होते. गाडी पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हा तिच्यावर जे नाव रंगवलेलं होतं, ते त्यांनी उचललं आणि त्या जातीच्या सगळ्याच गाड्यांना दिलं.

यातली सर्वांत लांबची वाट टेम्पोची आहे.

हॅम्बुर्ग शहरात १९२४ साली विदाल आणि पुत्र ही पेढी सुरू झाली. तिच्या तीनचाकी गाड्यांचं व्यापारी नाव टेम्पो. १९२८ साली जर्मनीत एक नियम झाला : चारपेक्षा कमी चाकांच्या आणि २०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या वाहनाला ना कर, ना चालकपरवाना. छोटे दुकानदार, पाववाले, भाजीवाले यांच्यासाठी ही मोठीच सोय होती आणि तीनचाकी मालगाड्यांचा धंदा त्यामुळे जोरात वाढला. दुसऱ्या महायुद्धात शहरं उद्ध्वस्त झाल्यावर तर स्वस्त मालगाडीची गरज आणखी वाढली. १९४९ साली विदाल कंपनीने ‘हान्सेआट’ नावाची तीनचाकी आणली. हॅम्बुर्ग हे मध्ययुगातल्या हान्झा या व्यापारी संघातलं शहर, त्याची आठवण या नावात होती. इंजिन थेट पुढच्या चाकावर बसवलेलं, त्यावर लांबट निमुळतं नाक आणि मागे माल ठेवायला मोकळा हौदा.

जर्मनीत ती सातएक वर्षं चालली. लोकांच्या हातात पैसा आला, चारचाकी परवडू लागली आणि १९५६च्या सुमारास हान्सेआटचं उत्पादन थांबलं. पण तिचं खरं आयुष्य पुढेच होतं. मूळचे अहमदनगरचे आणि स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेले नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज समूह आणि विदाल कंपनी यांच्या साथीने बजाज टेम्पो ही कंपनी काढली. सुरुवात मुंबईत गोरेगावला झाली, पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला गेला. जर्मनीत बाद झालेली तीनचाकी भारतात चार दशकं बनत राहिली.

तिच्याआधी शहरातला किरकोळ माल हातगाडी, बैलगाडी किंवा घोड्याच्या छकड्यातून जात असे. ट्रक होते, पण पेठेच्या बोळात ट्रक शिरत नव्हता आणि चार पोती कांद्यासाठी ट्रक कुणी करत नव्हतं. हातगाडी आणि ट्रक यांच्यामधली जागा रिकामी होती. तिथे ही गाडी बसली आणि तिच्या नावालाही स्पर्धक उरला नाही. गाडीवर टेम्पो लिहिलेलं होतं, म्हणून ती टेम्पो झाली. मग तिच्याएवढी कोणतीही मालगाडी टेम्पो झाली. चार चाकं आली तरी टेम्पो, दुसऱ्या कंपनीची आली तरी टेम्पो. छोटा टेम्पो, मोठा टेम्पो, टेम्पोवाला, टेम्पोचं भाडं, टेम्पोभर सामान असा त्याचा संसार वाढला. घर बदलताना माणसं टेम्पो ठरवतात, गणपती टेम्पोतून विसर्जनाला जातो, लग्नाचं वऱ्हाड कमी पैशांत न्यायचं तरी टेम्पोच.

याच गाडीला मागे बाकडी टाकून प्रवासी वाहतूक सुरू झाली तेव्हा लोकांनी तिचं वेगळं बारसं केलं. पुढचं ते लांबट नाक पाहून महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत तिला ‘डुक्कर रिक्षा’ म्हणू लागले. कंपनीचं नाव मालाच्या गाडीला राहिलं आणि माणसांच्या गाडीला रूपावरून नवं नाव मिळालं. एकाच यंत्राची ही दोन नावं त्याचा वापर किती नेमकेपणाने सांगतात, हे पाहिलं की लोकांच्या शब्दनिवडीबद्दल आदर वाटतो.

मूळ जर्मन कंपनीचं पुढे काय झालं? साठच्या दशकात ती हानोमाग या मोठ्या कंपनीत विरघळली आणि जर्मन रस्त्यांवरून टेम्पो हे नाव पुसलं गेलं. तरी जर्मनीत टेम्पो हा शब्द घरोघर आहे. तो गाडीचा मात्र नाही. न्यूरेम्बर्गच्या एका कागद कारखान्याने २९ जानेवारी १९२९ रोजी कागदी रुमालासाठी टेम्पो हे नाव नोंदवलं. त्या कारखान्याचे मालक रोझेनफेल्डर बंधू ज्यू होते. नाझी सत्ता येताच त्यांना देश सोडावा लागला आणि कारखाना दुसऱ्याच्या ताब्यात गेला. नाव तेवढं टिकलं. आज सर्दी झालेला जर्मन माणूस शेजाऱ्याकडे टेम्पो मागतो तेव्हा त्याला कागदी रुमाल हवा असतो, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. वेग सुचवणारा हा एक शब्द दोन धंद्यांनी उचलला आणि दोन भाषांनी त्याची दोन वेगळी सामान्यनामं केली.

बजाज टेम्पोने मराठीला एवढाच शब्द दिला नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस आलेली मॅटाडोर कोल्हापूर-सांगलीकडे दुधाच्या कॅनपासून कुस्तीच्या फडाला निघालेल्या पोरांपर्यंत सगळं वाहू लागली. स्पॅनिश भाषेत मॅटाडोर म्हणजे बैलाशी झुंजणारा, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मग ट्रॅक्स आली. ‘ट्रॅक्स करून तुळजापूरला गेलो’ यातली ट्रॅक्स म्हणजे दहाबारा माणसं कोंबून बसवता येतील अशी कोणतीही जीपगाडी. ट्रॅक्सच्याच एका प्रकाराचं नाव क्रूझर. जत, पंढरपूर, विजापूर या पट्ट्यात वऱ्हाडाच्या गाडीला क्रूझर हाच शब्द रुळला. रायगड जिल्ह्यात गेलं तर याच कंपनीची मिनिडोर आणि लखनौच्या सरकारी कंपनीची विक्रम या दोन नावांची जोडी जमली, तिथे सहाआसनी रिक्षेला लोक विक्रम-मिनिडोर म्हणतात. २००५ साली बजाज टेम्पोने स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. कंपनीच्या पाटीवरून टेम्पो गेला, तरी तिच्या प्रवासी गाडीला सहल कंपन्या आजही टेम्पो ट्रॅव्हलर म्हणूनच भाड्याने देतात.

आता आयशर. बव्हेरियातल्या एका गावात दोन आयशर बंधूंनी १९३६च्या सुमारास ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. त्यांच्या मदतीने १९५९ साली फरिदाबादला भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. म्हणजे हे नाव भारतात प्रथम शेतात उतरलं. रस्त्यावर ते आलं ते ऐंशीच्या दशकात, सरकारने हलक्या ट्रकांसाठी जपानी तंत्रज्ञानाला दार उघडलं तेव्हा. स्वराज माझदा, डीसीएम टोयोटा, ऑल्विन निस्सान आणि मित्सुबिशीशी करार करून पिथमपूरला कारखाना काढणारी आयशर, अशा चार जोड्या मैदानात आल्या. टोयोटा आणि निस्सानच्या जोड्या लवकरच मागे पडल्या. आयशर टिकली आणि नाशिकची द्राक्षं, नारायणगावचा टोमॅटो, सोलापूरची डाळिंबं घेऊन वाशीपर्यंत रात्रीतून पोचणारी गाडी म्हणजे आयशर, असं समीकरण झालं. टेम्पोहून मोठी, ट्रकहून लहान. म्हणून भाषेने दोन्ही नावं जोडून आयशर टेम्पो हा शब्द केला. पहिला शब्द आकार सांगतो, दुसरा जात सांगतो. दोन वेगळ्या जर्मन कंपन्या जर्मनीत कधी एकत्र आल्या नाहीत, त्या मराठी बातमीत कायमच्या एकत्र आल्या. जर्मनीतला मूळ आयशर ट्रॅक्टर आता जुन्या यंत्रांच्या शौकिनांपुरता उरला आहे.

याच जपानी लाटेला टाटांच्या टेल्कोने १९८६ साली दिलेलं उत्तर म्हणजे ४०७. इथे तर नावही नाही, नुसता आकडा आहे. टेल्कोने १९५४पासून पंधरा वर्षं डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवले होते आणि त्या जर्मन पद्धतीतच हे आकडे आले. आधीचे आकडे वजन टनांत सांगतात, शेवटचे दोन अश्वशक्तीचा दहावा हिस्सा. १२१० म्हणजे बारा टन, शंभर अश्वशक्ती. ४०७ म्हणजे चार टन, सत्तर. हा हिशोब चालकांना कुणी शिकवला नाही, पण ‘फोर झिरो सेव्हन’ किंवा नुसतं ‘चारशेसात’ हे सामान्यनाम झालं.

टाटांच्याच सुमोची कहाणी वेगळी आहे. १९९४ साली ही गाडी आली आणि बहुतेकांना नाव ऐकून जपानी मल्ल आठवले. प्रत्यक्षात ते नाव सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून ठेवलेलं आहे. १९०६ साली मुंबईत जन्मलेल्या मुळगावकरांनी टेल्को घडवली, साठच्या दशकात पिंपरी-चिंचवडच्या माळावर पुण्याचा कारखाना उभा केला आणि त्या आवारात तळं नि झाडी राखली. १९८९ साली ते गेले. पाच वर्षांनी त्यांच्या नावाची दोन अक्षरं एका गाडीवर चढली आणि खेड्यापाड्यात कोणतीही बंदिस्त जीपगाडी काही वर्षं सुमोच म्हटली गेली. एका मराठी अभियंत्याचं नाव असं लाखो तोंडी गेलं आणि म्हणणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. शाळेच्या पुस्तकात ही एक ओळ यायला हवी होती.

कधी लोक कंपनीने दिलेलं नाव सरळ नाकारतात. मे २००५मध्ये टाटांनी पाऊण टन माल वाहणारी दोन सिलिंडरची छोटी गाडी आणली, तिचं नाव एस. पत्त्यांतला एक्का या अर्थाचा हा इंग्रजी शब्द. मराठीत एस म्हणजे फार तर एसटीतला एस. ते नाव जिभेवर बसलंच नाही. गाडी छोटा हत्ती झाली, हिंदीत छोटा हाथी. ‘छोटा हत्ती सांगितलाय, तासाभरात येईल’ हे वाक्य फर्निचरच्या दुकानात रोज ऐकू येतं. कंपनीही आता ते टोपणनाव अभिमानाने मिरवते.

रस्त्याच्या कडेला, मातीत उतरलेली नावं आणखी दूरवरून आली आहेत. इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यात युटॉक्सेटर या गावी जोसेफ सिरिल बॅमफर्ड याने २३ ऑक्टोबर १९४५ रोजी भाड्याच्या एका छोट्या गॅरेजात काम सुरू केलं. युद्धातून उरलेल्या भंगारातून त्याने ट्रॅक्टरमागे लावायची, माल ओतणारी ट्रॉली बनवली आणि ती ४५ पौंडांना विकली. पुढे एकाच यंत्राला पुढे माती भरायचं फावडं आणि मागे खोदायचा हात लावून त्याने नाव कमावलं. त्याच्या नावाची तीन आद्याक्षरं म्हणजे जेसीबी. १९७९ साली एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत हरियाणातल्या बल्लभगडला भारतातलं उत्पादन सुरू झालं, नंतर पुण्याजवळ तळेगावलाही कारखाना आला.

त्याआधी विहीर, पाझर तलाव, रस्त्याचा भराव ही कामं माणसांनी केली. वडार समाजाच्या पिढ्यान् पिढ्यांनी सुतकी आणि पहारीने खडक फोडले, १९७२च्या दुष्काळात लाखो हात रोजगार हमीच्या कामांवर राबले. जेसीबी गावात आला तेव्हा नुसता शब्द आला नाही, मजुरीचं माप बदललं. ब्रास आणि दिवस यांच्या जोडीला तास आला. ‘किती तास लागतील?’ हा प्रश्न जेसीबीवाल्याला विचारायचा असतो. जलयुक्त शिवार, शेततळी, पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेतली गावं, या सगळ्या कामांचे हिशोब जेसीबीच्या नि पोकलेनच्या तासांत मांडले गेले. आणि निवडणूक जिंकलेल्या उमेदवारावर गुलाल नि फुलं उधळायलाही तोच पिवळा हात वर जाऊ लागला.

पोकलेन हा शब्द त्याहून मोठं आश्चर्य आहे. पट्ट्यावर चालणारं, स्वतःभोवती पूर्ण वळणारं खोदयंत्र म्हणजे पोकलेन, काही जण पोकलँड म्हणतात. त्यात जमिनीचा ‘लँड’ ऐकू येतो म्हणून ते रूप लोकांना पटलं असावं. मूळ नाव पोक्लेन, ही फ्रेंच कंपनी. जॉर्ज बाताय नावाच्या माणसाने विसाच्या दशकाच्या अखेरीस शेतीच्या यंत्रांची दुरुस्ती आणि उत्पादन सुरू केलं, तिथून ती वाढली. १९६१ साली तिने तेलाच्या दाबावर चालणारं, ३६० अंशांत फिरणारं खोदयंत्र आणलं आणि दोरखंडावर चालणाऱ्या जुन्या यंत्रांची सद्दी संपवली. सत्तरच्या दशकात लार्सन अँड टुब्रोने या कंपनीशी सहकार्य करून भारतात ही यंत्रं बनवली. धरणांच्या नि कालव्यांच्या कामांवर भारतीय चालकांनी असं यंत्र प्रथम पाहिलं ते या नावाने. पुढे मूळ कंपनीचा खोदयंत्रांचा धंदा अमेरिकन केस कंपनीकडे गेला. आता गावात येणारं यंत्र टाटा हिताची असतं, ह्युंदाई, कोमात्सु किंवा कोबेल्को असतं. सरपंच म्हणतो, ‘पोकलेन आलं.’

हायव्याचं तर कौतुकच करावं लागेल, कारण हायवा हा ट्रकच नाही. १९७९ साली नेदरलँड्समध्ये सुरू झालेली ही कंपनी ट्रकचा हौदा उचलणारा, केबिनच्या मागे उभा बसणारा, दुर्बिणीच्या नळीसारखा उघडत जाणारा सिलिंडर बनवते. ट्रक टाटांचा, अशोक लेलँडचा किंवा भारतबेंझचा असतो. पण माल ओतताना सगळ्यांची नजर जिथे जाते तिथे कंपनीचं नाव असतं. म्हणून दहा किंवा बारा टायरचा, एका कळीवर रिकामा होणारा ट्रक हायवा झाला. गोदावरी, भीमा, सीना या नद्यांच्या काठी वाळूची चोरटी वाहतूक वाढली तसा हा शब्द पंचनाम्यात शिरला. तहसीलदाराच्या पथकाने तीन हायवे पकडले, हायव्यात पाच ब्रास वाळू मिळाली, अशा नोंदी सरकारी कागदात होऊ लागल्या. नोंदणी पुस्तकात त्याच गाडीचं नाव वेगळंच असतं.

इथे मराठी व्याकरणाने केलेलं काम पाहण्यासारखं आहे. माणसाच्या आकारान्त नावाला मराठी सहसा हात लावत नाही. कृष्णाला म्हणतात, कृष्ण्याला नाही. पण आकारान्त पुल्लिंगी सामान्यनाम आलं की ते वळतं. दिवा, दिव्याचा. मेवा, मेव्याचा. हायवा हे नुसतं कंपनीचं नाव राहिलं असतं, तर ‘हायवाचा’ म्हटलं असतं. ज्या दिवशी कुणी ‘हायव्याचा’ म्हणालं, त्या दिवशी ते नाव कंपनीच्या हातातून निसटून मराठीचं झालं. याला व्यापारचिन्हांच्या नोंदवहीची परवानगी लागली नाही. बातम्यांत आजही ‘हायवाने’ आणि ‘हायव्याने’ अशी दोन्ही रूपं दिसतात, म्हणजे हा बदल आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे.

डालडा या वाटेने कधीच गेलेला आहे. मुंबईत शिवडीला लिव्हर कंपनीच्या छत्राखाली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि १९३७ साली डालडा बाजारात आला. हे तूप आधी आयात करणारी दादा नावाची डच पेढी होती, तिला आपलं नाव राहायला हवं होतं. लिव्हरवाल्यांनी मधे आपला ल घातला, दादाचा डालडा झाला. पिवळा डबा, त्यावर हिरवं ताडाचं झाड. साजूक तूप न परवडणाऱ्या घरांत दिवाळीच्या करंज्या डालड्यात तळल्या गेल्या आणि रिकाम्या डालड्याच्या डब्यांत तांदूळ, चिवडा, गच्चीवरची तुळस, सगळं नांदलं. गांधीजींनी वनस्पती तुपाविरुद्ध लिहिलं, १९५०च्या सुमारास त्यावर बंदी घालण्याचं विधेयक दिल्लीच्या संसदेपुढे आलं. सरकारी भाषेत वाद वनस्पतीचा होता, घरात तो डालड्याचा होता. जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला ‘डालडा १३’ या टोपणनावाने छायाचित्रं छापत. त्यांच्या मोटारीचा क्रमांक डीएलडी १३ होता आणि १९१३ हे त्यांचं जन्मसाल. १९३७ साली जन्मलेलं व्यापारी नाव दोनएक दशकांत किती परिचित झालं होतं, हे त्यावरून कळतं.

निरम्याचं पाणी, निरम्याने धुतलेली चादर, हीही त्याच कुळातली रूपं. कोलगेट, कॅडबरी, बिसलेरी, फेविकॉल यांना व्यंजनान्त वा ईकारान्त असल्यामुळे अशी कसोटी लागत नाही. त्यांचं सामान्यनाम होणं वापरातून कळतं. लहान मूल कॅडबरी मागतं तेव्हा त्याला कोणतंही चॉकलेट चालतं. सुतार सरसाची भांडी चुलीवर चढवायचा तो काळ गेला आणि १९५९पासून आलेल्या पांढऱ्या गोंदाला त्याने फेविकॉल हेच जातिवाचक नाव दिलं. बिसलेरी हे मिलानमधल्या एका औषधी पेयाच्या कारखानदाराचं आडनाव. १९६५ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये त्या नावाने पाणी भरलं जाऊ लागलं, तेव्हा पाणी विकत घेण्याची कल्पनाच लोकांना अजब वाटत होती. १९६९ साली पार्लेच्या चौहानांनी तो धंदा विकत घेतला.

कंपन्यांना अशा प्रसिद्धीची धास्ती असते. बायरची ॲस्पिरिन, ओटिसचं एस्कलेटर, थर्मास, सेलोफेन ही सगळी कधी काळी मालकीची नावं होती. अमेरिकेत १९२१, १९५०, १९६३, १९३६ अशा वेगवेगळ्या वर्षी ती सर्वांसाठी खुली झाल्याचं ठरलं. केरोसीन हेसुद्धा कॅनडातल्या अब्राहम गेस्नर याने १८५४ साली नोंदवलेलं व्यापारी नाव होतं. झेरॉक्स कंपनीने तर आपलं नाव क्रियापद म्हणून वापरू नका, अशी विनवणी करणाऱ्या जाहिराती वर्षानुवर्षं दिल्या. महाराष्ट्रातल्या प्रत्येक तहसील कचेरीसमोर ‘येथे झेरॉक्स काढून मिळेल’ ही पाटी लागली ती लागलीच. भारताच्या १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्यात यासाठी एक बारीक फरक केलेला आहे : गिऱ्हाइकांनी एखादं नाव सरसकट वापरल्याने मालकी जात नाही, त्या धंद्यातल्या लोकांनीच ते वस्तूचं नाव म्हणून रूढ केलं तर ती धोक्यात येते. म्हणून घरात कोणत्याही पेस्टला कोलगेट म्हणणाऱ्या आजीची कंपनीला भीती नाही. प्रतिस्पर्धी कारखानदाराने आपल्या पेस्टला कोलगेट म्हटलं तर मात्र खटला उभा राहतो.

जीपचा प्रवास याच्या उलटा आहे, म्हणून तो सांगायला हवा. जीप हा आधी अमेरिकन सैनिकांच्या तोंडचा शब्द होता, तो कुठून आला यावर अजून वाद आहेत. युद्ध संपल्यावर विलीस कंपनीने तो स्वतःच्या नावावर करून घेतला. लोकांचा शब्द कंपनीचा झाला आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे महिंद्रांनी मुंबईत त्या गाडीची जोडणी सुरू केली, तेव्हा मराठीत येऊन तो पुन्हा लोकांचा झाला. मराठवाड्यातली काळी-पिवळी, मामलेदाराची सरकारी गाडी, प्रचाराची गाडी, सगळ्या जीप.

अलीकडे आलेली नावं नाम होऊन थांबत नाहीत, ती थेट क्रियेत उतरतात. ‘गुगल कर’, ‘ओला करून ये’, ‘जीपे मारतो’. यांतल्या करणे-मारणेमुळे सामान्यरूपाची कसोटीच राहिली नाही. पैसे पाठवण्याच्या व्यवस्थेचं अधिकृत नाव यूपीआय आहे आणि ती २०१६पासून चालू आहे, पण भाजीवालीला ‘यूपीआय करू का?’ असं फार कमी लोक विचारतात. नाशिकमध्ये ‘फोनपे मारा’ ऐकू येतं, पुण्यात ‘जीपे चालेल ना?’ असं विचारलं जातं. त्यावर मेथीच्या जुड्या बांधता बांधता ती मान हलवते आणि पेटीएमचा निळा क्यूआर कोड पुढे सरकवते.